नवा शब्द तोंडी बसतो कसा?

समजा, भोर तालुक्यातील उत्रोली गावचा नववीत शिकणारा एक मुलगा दिवाळीच्या सुटीत कोल्हापूरला आत्याकडे गेला. तेथे आतेभावाच्या मित्रांमध्ये त्याने 'विषय हार्ड' हा शब्दप्रयोग ऐकला. कुणी षटकार मारला, की 'विषय हार्ड'. मिसळ झणझणीत निघाली, की 'विषय हार्ड'. सुटी संपली आणि मुलगा परत आला. शाळेच्या पहिल्याच दिवशी त्याने मधल्या सुटीत तो शब्द टाकला. दोघे हसले, एकाने अर्थ विचारला. पंधरा दिवसांत निम्मा वर्ग 'विषय हार्ड' म्हणू लागला, आणि महिन्याभरात मराठीच्या बाईंना निबंधाच्या वहीत त्या शब्दाखाली लाल रेघ ओढावी लागली.

ही गोष्ट कल्पित आहे. पण अशी गोष्ट घडताना तुमच्यापैकी प्रत्येकाने पाहिली असेल. मुलगा नवा असेल, शब्द वेगळा असेल, एवढेच. आता थोडा विचार करा. त्याच सुटीत त्याच मुलाने कोल्हापुरात आणखी कितीतरी नवे शब्द ऐकले असतील. ते का पसरले नाहीत? हाच का पसरला? आणि दहा वर्षांनंतर तो कुणाच्या तोंडी असेल का? साथीचा रोग कसा पसरतो, नवे बियाणे गावात कसे शिरते, याचा जसा अभ्यास करता येतो तसाच शब्दांच्या प्रसाराचाही करता येतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. शब्द तयार करणे ही काही फार मोठी गोष्ट नाही. लहान मुले रोज शब्द बनवतात, विनोदी माणसे दिवसाला चार बनवतात. त्यांतील बहुतेक सगळे त्याच दिवशी मरतात. शिवाय नवे म्हणून जे शब्द आपण ऐकतो त्यांचा मालमसाला बहुधा जुनाच असतो. 'बिनधास्त' घ्या. 'बिन' म्हणजे विना, 'धास्ती' म्हणजे भीती. दोन्ही तुकडे आपल्या घरातलेच. जोडणी तेवढी नवी. 'अफलातून' तर त्याहून गमतीचा आहे. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याचे अरबी-फारसीतील नाव अफलातून. तो थोर विचारवंत, म्हणून त्याचे नाव असामान्य बुद्धीचे द्योतक झाले, आणि मग आपण ते भेळेलाही लावू लागलो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्सच्या पंडिताला हे कळले असते तर त्याला काय वाटले असते कोण जाणे! 'हप्ता' हा फारसी 'हफ्त' म्हणजे सात यावरून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ सात दिवसांचा आठवडा. (आपल्या 'आठवडा' शब्दात मात्र आठ आहेत, हे लक्षात आले का?) आठवड्याने द्यायची रक्कम तो हप्ता, मग कोणत्याही मुदतीने द्यायची रक्कम तो हप्ता, आणि पुढे गुंडाने दुकानदाराकडून उकळलेली रक्कम तोही हप्ताच. यात नवा शब्द कुणीच घडवला नाही. वापरणाऱ्यांनी जुन्यालाच थोडे थोडे ढकलत नेले.

तेव्हा शब्द कुणी काढला, या प्रश्नापेक्षा तो कुणी उचलला, हा प्रश्न महत्त्वाचा. त्यासाठी वर्गात करता येण्याजोगा एक खेळ सांगतो.

वर्गात ४० मुले आहेत असे धरा. सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका डब्यात ठेवा. पहिल्या दिवशी नवा शब्द एकालाच ठाऊक आहे. नियम असा, की ज्याला शब्द ठाऊक आहे त्याने रोज डब्यातून एक चिठ्ठी काढायची, तिच्यावरील नावाच्या मुलाला तो शब्द सांगायचा आणि चिठ्ठी परत टाकायची. स्वतःचे नाव आले तर पुन्हा काढायची. शब्द ठाऊक असलेल्यांची संख्या रोज फळ्यावर लिहा. सरासरीने ती साधारण अशी येईल: १, २, ४, ८, १४, २२, ३०, ३५, ३८, ३९. तुमचे आकडे थोडे मागेपुढे होतील, पण आलेखाचा आकार बदलणार नाही.

हे आकडे आलेखाच्या कागदावर मांडले, तर इंग्रजी 'एस' अक्षर आडवे ताणावे तशी वक्ररेषा मिळते. सुरुवातीला संख्या दुप्पट होत जाते, पण मुळात ती इतकी लहान असते की कुणाच्या लक्षात येत नाही. मधल्या तीन दिवसांत रोज सहा ते आठ नवे भिडू मिळतात, आणि 'हल्ली सगळेच असे बोलायला लागले!' ही तक्रार नेमकी याच वेळी कानावर येते. पुढे वेग मंदावतो, कारण ज्याच्या नावाची चिठ्ठी निघते त्याला शब्द आधीच ठाऊक असतो. नवी औजारे, नवी औषधे, नव्या पद्धती समाजात अशाच वक्ररेषेने पसरतात, हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ सालच्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले. शब्दही त्याला अपवाद नाहीत.

पण आपल्या खेळात एक मोठी खोट आहे. आपण धरून चाललो की शब्द कानावर पडला की तो तोंडात आलाच. प्रत्यक्षात तसे होते का? दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर तुम्ही दिवसाला शेकडो शब्द ऐकता. त्यांतले बोलता किती?

या बाबतीत अमेरिकेतील आयोवा राज्यातील मक्याची गोष्ट मोठी उद्बोधक आहे. ब्राइस रायन आणि नील ग्रोस या दोन अभ्यासकांनी तेथील दोन वस्त्यांमधील २५९ शेतकऱ्यांची पाहणी करून तिचे निष्कर्ष १९४३ साली प्रसिद्ध केले. संकरित मक्याचे बियाणे तेथे १९२८ च्या सुमारास बाजारात आले होते. पीक वीस टक्क्यांच्या आसपास जास्त देणारे बियाणे! तरीही सगळ्यांनी ते पेरायला लागायला बारा-तेरा वर्षे गेली. १९४१ पर्यंत दोघे वगळता सर्वांनी ते स्वीकारले होते. पुष्कळांना बियाण्याची पहिली बातमी विक्रेत्याकडून मिळाली होती. परंतु बातमी मिळाली म्हणून कुणी लगेच पेरले नाही. बांधापलीकडच्या शेजाऱ्याने पेरले, त्याचे कणीस डोळ्यांनी पाहिले, तेव्हा पेरले. बातमी देणारा एक आणि पटवणारा दुसरा.

शब्दाचेही असेच आहे. शब्द ऐकून समजणे ही एक पायरी आणि तो स्वतः उच्चारणे ही दुसरी. या दोन पायऱ्यांच्या मध्ये एक भीती असते, हसे होण्याची. नवा शब्द चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या सुरात टाकला तर लोक हसतात. म्हणून जवळच्या दोन-तीन जणांच्या तोंडून तो ऐकल्याशिवाय आपली जीभ धजत नाही.

यातून आणखी एक गोष्ट निघते. मार्क ग्रानोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा एक निबंध प्रसिद्ध आहे. माणसांना नोकरीची बातमी कुणाकडून मिळते, याची त्यांनी चौकशी केली. ती जिवलग मित्रांकडून क्वचितच मिळाली होती. अधूनमधून भेटणाऱ्या, नुसत्या तोंडओळखीच्या माणसांकडून पुष्कळदा मिळाली होती. कारण उघड आहे. आपल्या जिवलग मित्राला जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातून यावी लागते, आणि दोन वर्तुळांना जोडणारा धागा सहसा सैल असतो. म्हणजे पाहा, शब्द गावात येतो तो सैल धाग्याने, आणि गावात रुजतो तो घट्ट धाग्यांनी. नुसते सैल धागे असतील तर शब्द कानावर येऊन निघून जाईल. नुसते घट्ट धागे असतील तर जुनी बोली पिढ्यान्‌पिढ्या तशीच टिकून राहील. आयर्लंडच्या उत्तरेकडील बेलफास्ट शहराच्या कामगार वस्त्यांमध्ये जेम्स आणि लेस्ली मिलरॉय या पतिपत्नींना तसेच आढळले होते.

आता आपल्या उत्रोलीचे सैल धागे मोजून पाहा. भोर हे तालुक्याचे गाव जवळ. तेथे बाजार, कचेऱ्या आणि एसटीचे स्थानक. तेथून पुणे सुमारे ५० किलोमीटर. वरंध घाट उतरला की महाड, म्हणजे कोकण. मावळच्या खोऱ्यांतून पोटासाठी मुंबईला गेलेल्या माणसांनी गिरण्यांत, गोदीत, बाजारांत कामे केली. गिरण्यांचा मोठा संप १९८२ साली झाला, त्यानंतर गिरण्या ओस पडत गेल्या. पण त्याआधी अनेक दशके मुंबईकर मंडळी जत्रेला आणि शिमग्याला गावी येत, ती ट्रंकेतल्या नव्या कपड्यांबरोबर नवे शब्दही आणत. 'काही वांधा नाही' मधला 'वांधा' मूळचा गुजराती. मुंबईच्या बाजारात मराठी हमाल आणि गुजराती व्यापारी शेजारी शेजारी उभे राहिले, तिथे तो मराठीत आला. आज उत्रोलीच्या पारावर तो कुणाला परका वाटत नाही.

चित्रपटाने या कामाला वेग दिला. 'झकास' हा शब्द मराठी बोलण्यात होताच. १९८५ सालच्या 'युद्ध' या हिंदी चित्रपटात अनिल कपूरने तो अशा काही थाटात उच्चारला की मराठीचा गंधही नसलेल्या प्रांतांत तो जाऊन पोहोचला. 'सैराट' हा ग्रामीण मराठीतला जुना शब्द शहरी मुलांनी बहुधा ऐकलाही नव्हता. २०१६ साली त्या नावाचा चित्रपट आला आणि तो सर्वांचा झाला. मात्र आयोवाच्या शेतकऱ्यांची गोष्ट विसरू नका. चित्रपट हा बियाण्याचा विक्रेता. तो शब्द दाखवतो. बोलायला लावतो तो बाकावर शेजारी बसलेला मित्र.

शब्द वरून हुकूम देऊन रुजवता येतो का? याचे उत्तर शोधायला भोरइतके चांगले ठिकाण नाही. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी त्यांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली झालेल्या या कोशात सुमारे १,४०० शब्द आहेत. पेशव्याला प्रधान, मुजुमदाराला अमात्य, डबिराला सुमंत आणि सुरनिसाला सचिव. हा 'सचिव' तुमच्या ओळखीचा आहे. भोर संस्थानचे अधिपती पंतसचिव म्हणून ओळखले जात, आणि १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत हा किताब चालू होता. 'सुरनीस' आता केवळ आडनावात उरला. 'सचिव' मात्र मंत्रालयापासून सोसायटीच्या कार्यालयापर्यंत सगळीकडे आहे. हुकमाने आलेला शब्द जिंकला!

पण त्याच कोशाच्या काळापासून आजपर्यंत आपण 'कागद', 'बाजार', 'दुकान', 'जमीन', 'शहर' हे फारसी-अरबी शब्द बिनदिक्कत वापरत आहोत. (आणि 'बिनदिक्कत'सुद्धा तसाच!) हा फरक का पडला? अधिकाराचे पद हे एका कागदावर लिहिलेले असते. राजाने नाव बदलले, शिक्का बदलला, की पुढची सारी पत्रे त्या नावाने निघतात. 'बाजार' शब्द मात्र रोज हजारो तोंडांतून निघतो. त्या प्रत्येक तोंडाला हुकूम कोण देणार? स्वातंत्र्यवीर सावरकरांनी विसाव्या शतकात भाषाशुद्धीसाठी सुचवलेल्या शब्दांचेही असेच झाले. 'महापौर', 'दिग्दर्शक', 'चित्रपट' हे आज वर्तमानपत्राच्या पानापानावर दिसतात. 'दूरध्वनी' अर्जात लिहितात, बोलताना सगळे 'फोन' म्हणतात. फाउंटनपेनसाठी सुचवलेली 'झरणी' ऐकायला किती गोड, पण ती ना कागदावर टिकली ना जिभेवर.

कधी कधी हरलेला शब्द उशिराही जिंकतो. 'पेशवा' या पदासाठी 'पंतप्रधान' हे नाव असूनही लोक पेशवाई संपेपर्यंत पेशवेच म्हणत राहिले. पुढे देशाला नव्या प्रकारचा प्रमुख मंत्री मिळाला, तेव्हा जुना 'पंतप्रधान' कामी आला आणि आज तो शाळकरी मुलालाही ठाऊक आहे.

आता जरा गरजेकडे वळू. शब्दाला येण्यासाठी वाट हवी तसे राहण्यासाठी कामही हवे. चालू बोलीतील शब्द कोणती कामे करतात?

सर्वांत मोठे काम म्हणजे झिजलेल्या शब्दांची जागा घेणे. नाणे हातोहात फिरून गुळगुळीत होते तसे स्तुतीचे शब्द वापरून वापरून बोथट होतात. 'चांगले' म्हटले तर आता कुणाला विशेष वाटत नाही. 'बरे आहे' एवढाच अर्थ उरला. म्हणून 'छान', मग 'फारच छान', मग 'भयंकर छान'. भय आणि छान यांचा वास्तविक काय संबंध? पण जोर हवा असतो, आणि भीतीच्या शब्दांत जोर असतो. 'खतरनाक', 'जबरदस्त', 'कडक' हे त्याच वाटेने आले. इंग्रजीतही भीतीचे आणि दहशतीचे शब्द असेच 'अतिशय' या अर्थाने घासले गेले आहेत. तुमच्या आजोबांना विचारा. ते 'फर्मास' किंवा 'फर्स्टक्लास' म्हणत असतील. वडील 'झकास' म्हणत असतील. तुम्ही 'विषय हार्ड' म्हणता. यावरून माणसाचे वय ओळखता येते. हे चक्र थांबणार नाही, कारण प्रत्येक नवा शब्द यशस्वी झाला की लगेच झिजू लागतो. जितका लोकप्रिय, तितकी झीज अधिक. ज्या गोष्टींचे आपल्याला कौतुक करायचे नसते, नुसते नाव घ्यायचे असते, त्यांचे शब्द असे झिजत नाहीत. 'नांगर' आणि 'पाणी' शतकानुशतके तेच आहेत.

दुसरे काम गुप्ततेचे. गुरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवतात, ते तुम्ही पाहिले असेल. ज्यांचे काम लपून चालते त्यांना असे शब्दही लागतात. लाखाला 'पेटी' आणि कोटीला 'खोका' हे मुंबईच्या गुन्हेगारी जगातले शब्द. ते पोलिसांना कळले, पोलिसांकडून वार्ताहरांना, तेथून चित्रपटांना आणि मग सर्वांना. आता राजकीय सभांतूनही खोक्यांची भाषा ऐकू येते. गुप्त शब्द लोकप्रिय झाला की ज्यांनी तो काढला त्यांच्या तो कामाचा राहत नाही. तुमच्या गटाचा एखादा खास शब्द शिक्षकांनी वापरला की तुम्हांला तो लगेच नकोसा होतो, त्याचेही कारण हेच. आपण कोण आहोत आणि कोण नाही, हे सांगण्याचे कामही शब्द करत असतो.

टिकाऊपणाविषयी अमेरिकन भाषाभ्यासक ॲलन मेटकाफ यांनी २००२ साली काही कसोट्या सुचवल्या. शब्द किती वेळा वापरला जातो, तो वाक्यात बेमालूम मिसळतो की उठून दिसतो, निरनिराळ्या थरांतील लोक वापरतात का, त्याच्यापासून आणखी रूपे निघतात का, आणि ज्या गोष्टीचे तो नाव आहे ती गोष्ट स्वतः टिकते का. माझ्या मते शेवटची कसोटी सर्वांत खरी. 'आयाराम-गयाराम' पाहा. १९६७ साली हरियाणातील गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, त्यावरून हा शब्द निघाला आणि वर्तमानपत्रांतून मराठीत आला. चांगला लांबलचक, थट्टेखोर, उठून दिसणारा शब्द. मेटकाफ यांच्या दुसऱ्या कसोटीवर नापासच व्हायचा. परंतु पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ साली झाला तरी पक्षांतर काही थांबले नाही, म्हणून शब्दही थांबला नाही.

याउलट 'ओके'ची गोष्ट. बॉस्टनच्या एका वृत्तपत्रात २३ मार्च १८३९ रोजी तो प्रथम छापला गेला. त्या काळी तेथे शब्दांचे मुद्दाम चुकीचे स्पेलिंग करून त्यांची आद्याक्षरे लिहिण्याची टूम निघाली होती. 'सर्व बरोबर' या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांची तशी चुकीची आद्याक्षरे म्हणजे ओ आणि के. टूम लवकरच विरली, तिच्यातले बाकीचे विनोद विसरले गेले. पण १८४० च्या निवडणुकीत व्हॅन ब्युरेन या उमेदवाराच्या टोपणनावाची आद्याक्षरेही नेमकी तीच निघाली, आणि प्रचारात तो शब्द गाजला. उमेदवार हरला, शब्द जगभर गेला. लहान, उच्चारायला सोपा, आणि होकार देण्याची गरज तर कुठेच संपत नाही.

हाच शब्द १८३ वर्षांनंतर महाराष्ट्रात नव्या वेषात अवतरला. जून २०२२ मधील सत्तांतराच्या दिवसांत सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलले. 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' आणि मग ते 'ओक्के'. संभाषणाची ध्वनिफीत बाहेर आली आणि काही दिवसांत ती घराघरांत पोहोचली. गाणी झाली, विनोद झाले. आपल्या वक्ररेषेचा चढ एवढा उभा क्वचितच दिसतो. हे वाक्य म्हणजे एक साचा होता, म्हणून ते इतके चालले. 'काय' च्या पुढे हवा तो शब्द घाला, नवे वाक्य तयार. शेतकऱ्याने पिकावर बसवले, मुलांनी परीक्षेच्या पेपरावर. पण ते एका घटनेला चिकटलेले होते. घटना जुनी झाली तसा त्याचा वापरही ओसरला.

मला या प्रसंगात दुसरीच एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी वाटते. लोक हसले ते कशाला? वाक्याच्या लयीला हसले, हे खरे. पण 'डोंगार' आणि 'हाटील' या उच्चारांनाही हसले. ते उच्चार ग्रामीण महाराष्ट्रात लक्षावधी माणसांचे रोजचे आहेत. मावळातल्या घराघरांत 'लई', 'व्हय', 'न्हाय' ऐकू येते. हे बिघडलेले मराठी नव्हे. प्रमाणभाषेला जसे नियम आहेत तसेच बोलीलाही आहेत. शहरातल्या तरुणाने छातीवर 'लई भारी' छापलेला सदरा घातला तर ती फॅशन होते. उत्रोलीच्या मुलीने वक्तृत्व स्पर्धेत 'लई' म्हटले तर गुण कापले जातात. शब्द तोच, न्याय दोन. 'गावठी' या शब्दाचेच पाहा ना. कोंबडीच्या अंड्यांना लावला की भाव चढतो, मुलाला लावला की तो मान खाली घालतो.

विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने अमेरिकेतील मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर केलेला अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध झाला. उन्हाळ्यात तेथे शहरी प्रवाशांची झुंबड उडे. तरीही बेटावरच्या कित्येक तरुणांच्या तोंडी जुन्या कोळ्यांचे काही उच्चार अधिकच ठळक होत चालले होते. कोणाचे? ज्यांना बेटावरच राहायचे होते, बेट आपले वाटत होते, त्यांचे. जे बाहेर पडायच्या तयारीत होते त्यांचे उच्चार शहरी होते. प्रमाणभाषा लिहिता-बोलता आलीच पाहिजे, परीक्षेसाठी आणि कामासाठी तिची गरज आहे. पण त्यासाठी घरची बोली टाकून द्यावी लागत नाही. एका माणसाला दोन्ही येतात.

शिक्षकांनी लाल रेघ ओढण्यापूर्वी अशा शब्दांची एक वही वर्गात ठेवून पाहावी. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. त्यांत प्रांतोप्रांतीचे शब्द गोळा केलेले आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने अलीकडे मराठी बोलींचे सर्वेक्षण हाती घेऊन गावोगावच्या लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. पण शाळेच्या मैदानावर गेल्या सोमवारी आलेला शब्द पकडायला तेथे हजर असलेलाच माणूस हवा, आणि तो तुम्ही आहात.

वहीत रकाने असे आखा: शब्द, कोणत्या तारखेला प्रथम ऐकला, कुणाकडून (नाव लिहू नका, 'वर्गमित्र', 'मामा', 'चित्रपट' एवढे पुरे), ते माणूस तो शब्द कोणत्या गावाहून घेऊन आले, वाक्य जसेच्या तसे, अर्थ. दर शनिवारी वर्गात हात वर करायला सांगून दोन आकडे घ्या: शब्द कितीजणांना ठाऊक आहे आणि कितीजण तो स्वतः वापरतात. दोन्ही आकड्यांच्या वक्ररेषा एकाच कागदावर वेगवेगळ्या शाईने काढा आणि त्यांच्यामध्ये किती आठवड्यांचे अंतर पडते ते मोजा. शब्द कुणाला दुखावणारा असेल, एखाद्याच्या अंगावर, जातीवर किंवा व्यंगावर असेल, तर तोही नोंदवा, पण मोठ्याने वाचून दाखवू नका. असे शब्द आपण मोजत असतानाही पसरतात.

शेवटचा रकाना मोकळा ठेवा. त्याचे शीर्षक, 'हा शब्द शेवटचा केव्हा ऐकला?' तो भरायला वर्ष-दोन वर्षे लागतील, तेव्हा वही पुढच्या वर्गाच्या स्वाधीन करा.